पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जातोय, नेम नक्की कुठे धरायचा?

बर्फातला_मराठी:
नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत विस्कॉन्सिनात असतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन काढलंय आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी ९ दिवसांचा गन सीझन सुरू होतो तेव्हा ऑफिसातल्या एका मित्राच्या शेतावर जायचंय. रायफल ३०८ आहे, रेंजवर १०० यार्डांवर गोळ्या नीट बसतायत. मित्र म्हणतो मानेत मार, जागेवर पडतं आणि मटण वाया जात नाही, पण कोर्समध्ये तर फुप्फुसं सांगितली होती. जनावर तडफडता कामा नये एवढंच मला हवंय. आणि आपल्याकडे तोंड करून उभं असेल तर?

रानवाट:
मानेच्या भानगडीत पडू नका. नोव्हेंबरात नराची मान फुगलेली असते, लांबून मोठ्ठी दिसते, पण आतला मणका बारीक आणि हरीण मान सारखी हलवत असतं, गोळी जरा खाली गेली की नुसती श्वासनलिका फाटते आणि ते पळून जातं. डोक्यात मारणं तर त्याहून वाईट, जबडा तुटलेलं हरीण चारा चावू शकत नाही, उपाशी फिरून फिरून मरतं.
फुप्फुसं आणि हृदय मिळून साधारण ८ इंचांचा गोल होतो, पेपर प्लेटएवढा. हरीण आडवं, म्हणजे कूस तुमच्याकडे करून उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं सरळ वर यायचं आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. तोंड पलीकडे वळवून तिरकं उभं असेल तर त्याहून चांगलं, मग नेम थोडा मागे घ्यायचा, म्हणजे गोळी आतून पलीकडच्या पुढच्या पायाकडे जाईल. गोळी कुठे लागणार यापेक्षा कुठून बाहेर पडणार हे आधी बघायची सवय लावा. तुमच्याकडे तोंड असेल किंवा ढुंगण असेल तर बार टाकायचाच नाही, वळेपर्यंत थांबा, नाही वळलं तर जाऊ द्या.

मचाणवाला:
+१. ट्री स्टँडवरून बसणार असाल तर अजून एक. हरीण अगदी झाडाखाली आलं की कोन इतका उभा होतो की एकच फुप्फुस सापडतं, आणि एका फुप्फुसावर हरीण फार लांब जाऊ शकतं. थोडं पुढे जाऊ द्या.
दोन्ही फुप्फुसं गेली तरी ते ५०-१०० यार्ड पळू शकतं, घाबरून मागे धावू नका, शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा आणि अर्धा तास तरी हलू नका. मग जाऊन रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, ते जवळच पडलेलं असतं. काळपट लाल असेल तर यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट-तपकिरी घाण आणि वास आला म्हणजे पोटात लागलीय, तिथे ८ ते १२ तास जाऊच नका. लगेच मागावर गेलात तर ते उठून अजून दूर जाईल, सापडणार नाही आणि कुठेतरी कुढत मरेल. हा थांबण्याचा वेळ फार जड जातो राव, पण त्या जनावराला आपण तेवढं देणं लागतो.

सह्याद्रीप्रेमी:
माफ करा पण मुळात मारायचंच कशाला? आपल्याकडे हरीण मारलं तर तुरुंगात जावं लागतं.

रानवाट:
@सह्याद्रीप्रेमी तुमचं म्हणणं समजतं, आणि भारतातला कायदा योग्यच आहे, त्यावर वाद नाही. इथे परिस्थिती वेगळी आहे. इथल्या बऱ्याच भागात लांडगे उरले नाहीत आणि हरणं अमाप झालीत, जंगलातली कोवळी रोपं खाऊन संपवतात, मक्यात घुसतात, रात्री गाड्यांखाली येतात. शिवाय दक्षिण विस्कॉन्सिनात २००२ पासून सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग सापडतोय, त्यात हरीण झिजून झिजून मरतं. शिकार नको वाटणं मला मान्य आहे, पण जो करणार आहे त्यानं ती नीट शिकूनच करावी, म्हणून तर हा धागा महत्त्वाचा वाटतो.

बर्फातला_मराठी:
खूप आभार सगळ्यांचे. मित्राला सांगतो मानेत मारणार नाही म्हणून. रेंजवर बेंचवरूनच सराव केलाय, तो पुरेल का?

मचाणवाला:
नाही पुरणार. जाड जॅकेट आणि हातमोजे घालून, बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून मारून बघा. ज्या अंतरावर पाचच्या पाच गोळ्या पेपर प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर, त्यापुढचं हरीण कितीही मोठं असलं तरी तुमचं नाही. आणि मारल्यावर हरणाचं डोकं सीडब्ल्यूडी टेस्टला द्या, रिझल्ट येईपर्यंत मटण घरी कुणाला खायला घालू नका.