एकट्या गिटारवर जॅझ: बेस, कॉर्ड आणि सुरावट एकत्र सांभाळताना वाजवणं तुटतं

मध्यलय:
एका ओळखीच्या स्टँडर्डची (जॅझमध्ये सगळेच वाजवतात अशा गाण्याची) सुरावट जी मेजरमध्ये कॉर्डसकट बसवली आहे. स्वर बरोबर आहेत, पण ऐकताना ठोकळे मांडल्यासारखं वाटतं. दर मात्रेला चार स्वरांची कॉर्ड लावतो, आणि पुढच्या कॉर्डसाठी हात उचलला की स्वराची आस तुटते. वॉकिंग बेस (दर मात्रेला एक स्वर चालणारा बेस) घातला की सुरावट मागे पडते, आणि लय मिनिटाला ९० मात्रांच्या वर नेली की हात अडकतो. जॅझ गिटारवादक जो पास याच्या १९७३ च्या 'व्हर्च्युओसो' या अल्बममध्ये एकच गिटार आहे, तरी बेस, कॉर्ड, सुरावट सगळं सतत चालू असल्यासारखं ऐकू येतं. हे नेमकं होतं कसं? वाद्य आर्चटॉप (कमानदार माथ्याची गिटार), तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात).

खर्जाची तार:
'चालू असल्यासारखं' हा शब्द अगदी नेमका आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचितच चालू असतात. तेच वादन निम्म्या वेगाने लावून प्रत्येक मात्रेला किती तारा छेडल्या जातात ते मोजा. थोडी एकेरी सुरावट, मग एखादी कॉर्ड, मग बेसचे दोन-तीन स्वर, पुन्हा एकेरी ओळ. बेसचा स्वर एकदा कानात बसला की तो थांबल्यावरही ऐकणारा तो धरून ठेवतो. तो निसटायच्या आत वादक बेस परत आणतो. केव्हा परत आणायचा, यातच खरी कारागिरी आहे.

हातासाठी आधी कॉर्ड हलकी करा. खाली मूळ स्वर, तिसरा आणि सातवा, वर सुरावट. पाचवा स्वर सुरावटीतच असेल तर ठेवा, नाहीतर काढा. तुमच्या जी मेजरमध्ये (पहिला आकडा तारेचा, दुसरा फ्रेटचा, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्टीचा; सहावी तार सगळ्यात जाड):

ए मायनर सेव्हन: ६/५, ४/५, ३/५, सुरावट २/५ (ई)
डी सेव्हन: ५/५, ४/४, ३/५, सुरावट दोन मात्रा २/५ (ई), दोन मात्रा २/४ (ई फ्लॅट)
जी मेजर सेव्हन: ६/३, ४/४, ३/४, सुरावट २/३ (डी)

आता मधल्या दोन तारा बघा. चौथ्या तारेवर जी उतरून एफ शार्प होतो आणि तिथेच राहतो. तिसऱ्या तारेवर सी थांबतो आणि मग बी होतो. दर बदलाला मधला एकच स्वर हलतो, तोही अर्धा सूर. हे ऐकू आलं की ठोकळे विरघळतात.

ते ऐकू न येण्याचं कारण बहुधा बोटं. ए मायनरला मधलं बोट सहाव्या तारेवर, त्याच्याच टोकाने पाचवी तार बंद, अनामिका चौथी-तिसरी-दुसरीवर आडवी. डी सेव्हनला मधलं बोट पाचवीवर येतं, तर्जनी ४/४ वर, आणि अनामिका तिसरी-दुसरीवर जशीच्या तशी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अनामिकेचं टोक चौथ्या तारेवरून मागे घेतलं जात नाही. ते पाचव्या फ्रेटवर दाबलेलं असेपर्यंत तर्जनीचा एफ शार्प वाजूच शकत नाही. जी तसाच राहतो आणि डी सेव्हनची कॉर्ड सस्पेंडेड (तिसऱ्याऐवजी चौथा स्वर असलेली) होऊन बसते.

ई फ्लॅटला तर्जनी जागेवर ठेवून बाकीची बोटं बदला: पाचवी तार अनामिकेकडे, तिसरी करंगळीकडे, दुसरी मधल्या बोटाकडे. ही अदलाबदल उगाच वाटते, पण जी मेजर सेव्हनला जाताना तिचा फायदा कळतो. मधलं बोट दुसऱ्या तारेवरच ४ वरून ३ ला सरकतं, करंगळी तिसऱ्या तारेवरच ५ वरून ४ ला. ही दोन बोटं तारेवरून उचलायचीच नाहीत. तर्जनी ६/३ वर आणि अनामिका ४/४ वर जाताना एफ शार्प क्षणभर तुटेल. तुटू दे, तो आधीपासून कानात आहे.

दोन_आणि_चार:
वॉकिंग बेसचा एक नियम पाळा: सुरावट चालते तेव्हा बेस थांबतो, सुरावट थांबते तेव्हा बेस चालतो. दोन्ही सतत पळवायला गेलात की लय ढळणारच.

पहिला बार (चार मात्रांचा, ए मायनर सेव्हनवर): पाचवी तार मोकळी (ए), मग ५/२ (बी), ५/३ (सी), ५/४ (सी शार्प).
दुसरा बार (डी सेव्हनवर): ५/५ (डी), ५/३ (सी), ६/५ (ए), ६/४ (ए फ्लॅट).
तिसऱ्याची पहिली मात्रा: ६/३ (जी).

बारचा चौथा स्वर पुढच्या मूळ स्वरापासून अर्धा सूर लांब ठेवला आहे. पुढे ओढ लागते ती त्याच्यामुळे. कॉर्डचा टोला बारला एकच पुरे. पहिल्या बारमध्ये तिसऱ्या मात्रेच्या मध्यावर: तर्जनी सी धरून, अनामिका ४/५ आणि ३/५ वर आडवी. दुसऱ्यात पहिल्या मात्रेच्या मध्यावर ४/४ आणि ३/५. छेडल्याबरोबर त्या बोटांचा दाब सोडायचा, पण बोट तारेवरच ठेवायचं. बेसचं बोट मात्र पुढच्या स्वरापर्यंत दाबलेलंच हवं. टोल्याबरोबर सगळा हात सैल पडला की दोन वाद्यांचा भास तिथेच मोडतो.

उजव्या हातात अंगठा बेसला, अनामिका सुरावटीला, आणि जोर अनामिकेवर. मात्र सुरावट उठावदार करायला अनामिका शेजारच्या जाड तारेवर टेकवून छेडू नका. दुसरी तार अशी छेडली की बोट तिसरीवर येऊन थांबतं आणि मधला स्वर मरतो. मेट्रोनोम ४० वर लावून ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा समजा, म्हणजे लय ८०. हात मोकळा राहिला तर ५०, मग ६०.

गुंडाळलेली तिसरी:
बोटांचं दोघांनी नीट सांगितलंय, पण १०-४६ च्या संचातली साधी (न गुंडाळलेली) तिसरी तार मधल्या स्वरांना नको इतकं पुढे आणते. वरच्या सगळ्या कॉर्डमध्ये तीच तार मध्ये आहे! १२-५२ चा फ्लॅटवाउंड (चपट्या तारेने गुंडाळलेला) संच लावा, त्यात तिसरी गुंडाळलेली असते. तारा एकेक करूनच बदला, सगळ्या एकदम काढल्या तर आर्चटॉपचा सुटा ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) सरकतो. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर जुळवून बघा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे (तारा अडकवलेल्या मागच्या टोकाकडे) सरकवा.

आणखी एक. गिटार लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक खाली वाजते. लीड शीटवरची (सुरावट आणि कॉर्डची नावं लिहिलेल्या कागदावरची) सुरावट जशीच्या तशी वाजवली तर ती कॉर्डच्या पोटात शिरते. एक सप्तक वर घ्या, पहिल्या दोन तारांवर ठेवा.

सुरुवात लयीबाहेर करणार असाल तर गाण्याचे शब्द पाठ करा आणि श्वास तिथे घ्या. आलापात लय आत चालू असते, तसंच इथेही. नुसतं मनाला येईल तिथे थांबलं की ते अडखळणं वाटतं.

मध्यलय:
अनामिकेच्या टोकाचीच चूक निघाली. टोक मागे घेतल्यावर एफ शार्प स्वच्छ आला. तारा मागवतो. शेवट कसा करावा? जी मेजर सेव्हन पुन्हा पूर्ण छेडली की जड वाटते.

खर्जाची तार:
ती कॉर्ड एकदाच छेडा आणि विरू द्या. मग डाव्या हाताने फक्त ६/३ धरा, बाकी तारा मोकळ्या. अंगठ्याने जी वाजवा. नंतर उजव्या तर्जनीचं टोक चौथ्या आणि तिसऱ्या तारेला बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर, आणि दुसरीला एकोणिसाव्या पट्टीवर अलगद टेकवत, अंगठ्याने किंवा अनामिकेने एकेक छेडा: डी, जी, एफ शार्प. यात बी नाही. तो आधीच्या कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेवर वाजून गेला आहे, आणि ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो.