कोंबुचाच्या फ्रिजमध्ये पाणी साचतंय, पावसाळ्यात काय करावं?

बरणीवाली_दहिसर
नमस्कार मंडळी. १६५ लिटरचा जुना सिंगल डोअर फ्रिज कोंबुचासाठी (आंबवलेला चहा) वापरतेय. एसटीसी-१००० हा तापमानाप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा कंट्रोलर लावलाय. सेटिंग २३ अंश, फरक (चालू आणि बंद व्हायच्या तापमानांतला) ०.५, डिले (कॉम्प्रेसर पुन्हा चालू व्हायच्या आधीचा थांबा) ३ मिनिटं. आत ५ लिटरच्या दोन काचेच्या बरण्या, तोंडाला सुती फडकं. सेन्सर जाळीवरून हवेत लोंबतोय. दाराला फट नको म्हणून त्याची वायर मागच्या पाणी जायच्या भोकातून बाहेर काढलीय. उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. पाऊस लागल्यापासून फ्रीजरच्या पेटीखालून थेंब गळतात, फडकी ओली होतात आणि तळाला रोज अर्धी वाटी पाणी साचतं. २०० ग्रॅम सिलिका जेल दोन दिवसांत रंग बदलतं. सिलिका वाढवू की आत झिरोचा बल्ब लावू?

थंडगार_ठाणे
ताई, सिलिका आणि बल्ब राहू द्या, आधी ती वायर भोकातून काढा. त्याच वाटेने पाणी बाहेर जायला हवं आणि तिथेच वायर अडकलीय. शिवाय वायरच्या कडेने बाहेरची दमट हवा दिवसरात्र आत येतेय.

हिशोब करून बघा. पावसाळ्यात घरात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम वाफ असते आणि २७ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. तुमचा फ्रिज पूर्ण उघडून सगळी हवा बदलली तरी आत येणारी वाफ होते फक्त ४ ग्रॅम. दिवसातून तीनदा दार उघडलंत तर १२-१३ ग्रॅम. बरण्यांतून रोज काही ग्रॅम उडतं, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरणी ठेवून मोजता येईल. अर्धी वाटी म्हणजे पाऊणशे मिली तरी झालं. एवढं पाणी दार उघडण्याने येत नाही, ते गळतीचं आहे.

वायर बिजागरीच्या बाजूने, वरच्या कोपऱ्यातून घ्या. तिथे रबर सगळ्यात घट्ट दाबलं जातं. गोल वायरऐवजी तेवढ्या भागात चपटी रिबन केबल जोडली तर फट जवळपास राहत नाही. जोड मात्र फ्रिजच्या बाहेर ठेवा. मग रबर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर तिथे रबर सैल आहे. हेअर ड्रायरने मऊ करून हाताने बाहेर ओढलं की बरेचदा बसतं, नाहीतर बदला. वायरसाठी भिंतीला ड्रिल लावायचं मनातही आणू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये गॅसची नळी बाजूच्या पत्र्यामागून जाते आणि नव्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस ज्वलनशील असतो.

भोक मोकळं झालं की सिरिंजने ५० मिली कोमट पाणी सोडा. मागच्या ट्रेमध्ये पोचलं तर ठीक. नाही पोचलं तर मऊ प्लास्टिकची नळी घालून गाळ काढा, लोखंडी तार घालू नका.

रिले_आणि_रबर
वरचं सगळं बरोबर. कॉम्प्रेसरबद्दल थोडं सांगतो.

सेन्सर हवेत आणि फरक ०.५ ठेवलात की कॉम्प्रेसर दोन-चार मिनिटं चालून बंद पडतो. तेवढ्यात पेटीवर पातळ हिम धरतं, ते लगेच वितळतं, पण थेंब ओघळून भोकापर्यंत जाण्याइतके मोठे होत नाहीत. तिथेच सुकून पुन्हा हवेत जातात. तेच पाणी फ्रिजभर फिरत राहतं. सलग चाललं तर जाड थर धरतो, वितळताना ओघळतो आणि बाहेर जातो.

म्हणून सेन्सर बरणीला बाहेरून चिकटवा, अर्ध्या उंचीवर. वरून फोमचा तुकडा आणि टेप, म्हणजे तो हवेचं नाही, द्रवाचं तापमान सांगेल. कंट्रोलरमध्ये फरक म्हणजे एफ२ ला १.०, डिले म्हणजे एफ३ ला १० मिनिटं ठेवा. तापमान २४ ला गेलं की चालू, २३ ला बंद, आणि नंतर आतल्या गारव्याने अजून थोडं खाली उतरेल. कोंबुचाला त्याने काही होत नाही.

सेन्सरच्या स्टीलच्या टोपीत पाणी शिरतं, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. आतला थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) ओला झाला की त्याचा विद्युत रोध घटतो, कंट्रोलरला वाटतं तापमान चढलंय आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. बरणी गारठते ती यामुळे. गोंदवाली हीटश्रिंक नळी (तापवली की आवळणारी) टोपीच्या तोंडावर बसवा. बर्फाचा चुरा घातलेल्या पाण्यात सेन्सर बुडवून ० दाखवतो का ते बघा, थोडा फरक असेल तर एफ४ मध्ये सुधारा. वायर कंट्रोलरला जोडण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून आलेला थेंब तिथेच खाली पडेल.

फडकंबदलू
माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं फडकं. बरणीच्या बाहेर पाणी धरलं तर काही बिघडत नाही, पुसून टाका. फडकं ओलं झालं की हवा कोंडते आणि त्यावर बुरशी धरते. पेटीखाली २-३ मिमीचा ॲक्रिलिक पत्रा तिरका लावा, मागच्या बाजूला २ सेमी उतार, म्हणजे थेंब भोकाकडे जातील. पत्रा बरणीवर टेकवू नका, तीन-चार बोटं अंतर हवं. फडकं घट्ट विणीचं घ्या, मलमलीतून चिलटं जातात. पृष्ठभागावर कोरडी, लोकरीसारखी बुरशी दिसली तर चहा आणि त्यावरचा कोंबुचाचा थर दोन्ही फेकायचे, वरचा भाग काढून चालत नाही.

लॅमिंग्टन_रोडवरून
झिरो बल्बवर सगळे तुटून पडायच्या आत: कल्पना अगदीच टाकाऊ नाही. आत उष्णता दिली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि पाणी जास्त निघतं. पण ते १५ वॅटच्या जुन्या बल्बने. एलईडी झिरो अर्ध्या वॅटचा, त्याने काहीच होत नाही. जुन्या बल्बने वीज वाया जाते, आणि त्याच्या तापलेल्या काचेवर थेंब पडला तर ती तडकते. त्यापेक्षा १२ व्होल्टचा ८० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा ९ व्होल्टवर सतत चालवा. झोत पेटीवर राहू द्या, फडक्यांवर नको, नाहीतर बरण्यांतलं पाणीच जास्त उडेल. पंखा पाणी काढत नाही, पण गार कोपरे राहत नाहीत आणि भिंतीवर थेंब धरत नाहीत.

कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या फ्रिजमध्ये नकोत. त्यांचं खारट पाणी ॲल्युमिनियमच्या पेटीवर सांडलं तर पेटी खाऊन गॅस गळतो.

बरणीवाली_दहिसर
सगळ्यांचे आभार. वायर काढल्या काढल्या भोकातून पाणी मागे धो-धो गेलं! एक विचारायचंय, मागचा ट्रे आता भरत चाललाय. नेहमीच्या फ्रिजमध्ये तो आपोआप सुकतो ना?

थंडगार_ठाणे
नेहमी कॉम्प्रेसरच्या उष्णतेने सुकतो. तुमचा दिवसातून मोजकाच वेळ चालतो, म्हणून नाही सुकणार. दर चार-पाच दिवसांनी रिकामा करून आतली कड घासा. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या कडेलाच घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा पुरतो.