एसीटीएच पेशीत शिरतच नाही, मग कॉर्टिसॉल इतक्या लवकर कसं वाढतं?

निशाचर_बायो
एमएस्सीचं वाचन चालू आहे, एका जागी गाडी अडलीय. एसीटीएच म्हणजे पियूषिका ग्रंथीतून येणारं, ॲड्रीनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं ३९ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, ते पेशीपटलातून आत जात नाही. ॲड्रीनलच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) पेशी स्टेरॉइडचा (कॉर्टिसॉल त्यातलंच एक) साठाही करत नाहीत. तरी काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल वाढायला लागतं. पुस्तकात नुसते बाण: रिसेप्टर, सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू), स्टेरॉइड. त्या शेवटच्या बाणात काय दडलंय? नवी विकरं (एन्झाइम) बनतात म्हणावं, तर एवढ्या वेळात सगळी कशी बनणार?

पेट्रीडिश_मावशी
नेमकं तिथेच पुस्तकं हात आखडता घेतात बघ. सुरुवातीचा भाग पटकन उरकते. एसीटीएच एमसी२आर या रिसेप्टरला चिकटतं (एमआरएपी हे छोटं प्रथिन सोबत नसेल तर हा पठ्ठ्या पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही), मग जी-प्रथिन, सायक्लिक एएमपी, आणि त्याने जागं होणारं विकर, प्रोटीन कायनेज ए. इतर कितीतरी संप्रेरकांचं असंच चालतं.

खरी मेख कोलेस्टेरॉलची. कायनेजच्या इशाऱ्याने ते मेदाच्या थेंबांतून मोकळं होतं, पण त्याचं प्रेग्नेनोलोन (स्टेरॉइडकडे जाणारी पहिली पायरी) करणारं विकर, सीवायपी११ए१, बसलंय तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलावर. दोन पटलांच्या मधे पाणी, आणि कोलेस्टेरॉलचं पाण्याशी वाकडं. विकर तयार, माल दारात, तरी काम ठप्प. ही कोंडी फोडतं स्टार नावाचं प्रथिन. क्लार्क, स्टोको आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली ते उंदराच्या लायडिग (वृषणातल्या स्टेरॉइड बनवणाऱ्या) अर्बुदपेशींतून शोधून काढलं.

पुरावा मला फार आवडतो. सायक्लोहेक्झिमाइड घालून प्रथिननिर्मिती बंद पाडायची आणि मग एसीटीएच द्यायचं. सायक्लिक एएमपी वाढतं, स्टेरॉइड मात्र वाढत नाही. त्याच पेशींना २२-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल द्या, जे पाण्यात जरा बरं विरघळतं आणि स्टारवाचून आत पोचतं, की प्रेग्नेनोलोन बनायला लागतं! म्हणजे विकरं शाबूत होती, अडलं होतं ते पोचवणं. तेव्हा तुझी शंका रास्त आहे: तातडीच्या प्रतिसादात विकरं जुनीच असतात, नवं लागतं ते मुख्यतः स्टार. ते झटपट बनतं आणि फार टिकत नाही, म्हणून इशारा थांबला की निर्मितीही ओसरते. विकरांची जनुकं जोर धरतात ती नंतर, तासांच्या हिशोबाने.

जाता जाता, संधी मिळाली तर वाय१ पेशींवर (उंदराच्या ॲड्रीनल अर्बुदातल्या) एसीटीएच टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघ. पसरट पेशी अंग आक्रसून गोल होतात. मी अजूनही बघत बसते, कामं पडून राहतात.

ओपीडीवाला
मावशींनी सांगितलं तेच आम्ही रोग्यात तपासतो. एसीटीएचची पहिली २४ अमिनो आम्लंच कामाला पुरतात. तेवढाच तुकडा कृत्रिम बनवून २५० मायक्रोग्रॅम टोचायचा आणि ३० व ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल बघायचं. बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांत पियूषिकेचं एसीटीएच दबलेलं असतं, त्यामुळे कॉर्टिसॉल बनवणारा थर सुकतो आणि आकडा हवा तसा चढत नाही. म्हणूनच अशा गोळ्या एकदम बंद करू नका म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो. पण त्यांचं पोटॅशियम बहुधा ठीक असतं.

निशाचर_बायो
ते का? पोटॅशियम बाहेर टाकायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉनलाही एसीटीएचच लागतं ना?

पेट्रीडिश_मावशी
थोडंफार, पण मुख्य सूत्रं अँजिओटेन्सिन २ (रक्तदाब सांभाळणारं संप्रेरक) आणि खुद्द पोटॅशियमच्या हाती. ॲड्रीनलच्या वरच्या थरातल्या पेशींत अँजिओटेन्सिन कॅल्शियम वाढवतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की पेशीपटलाचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमचे मार्ग उघडतात. इशारा निराळा, पण पुढे दार उघडणारा तोच, स्टार. त्या थरात सीवायपी१७ हे विकर नाही म्हणून कॉर्टिसॉल बनत नाही, आणि सीवायपी११बी२ आहे म्हणून अल्डोस्टेरॉन बनतं. ॲडिसनच्या आजारात ॲड्रीनलचे सगळेच थर जातात, तिथे पोटॅशियम चढतं.