आराम बसमधील प्रत्येक प्रवाशाला सीट बेल्ट बंधनकारक असावा का?

प्रश्न : यवतेश्वर (सातारा)

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल यंदा माघ महिन्यात कराड, पाटण आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणमार्गे गणपतीपुळ्याला जाणार आहे. ४२ सभासद आहेत आणि ४५ आसनांची खासगी आराम बस ठरवायची आहे. कराराचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने त्यात मी एक कलम घातले : ‘प्रत्येक आसनाला चालू स्थितीतील पट्टा असावा आणि बस चालू असताना तो लावणे प्रत्येक सभासदाला बंधनकारक राहील.’ या एका कलमावर कार्यकारिणीची सभा दोन तास चालली. (सहलीतील जेवणाचा विषय दहा मिनिटांत संपला होता.)

आक्षेप असे होते. बस जड असते, त्यामुळे मोटारीत बसतो तसा धक्का आत लागत नाही. बस पेटली तर पट्ट्यात अडकून पडू. तिसरा आक्षेप आंबेनळी घाटाचा होता. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला येताना दरीत कोसळली. तिच्यातील एकच जण वाचला आणि तो बसबाहेर पडला म्हणूनच वाचला, असे सांगून आमच्या एका सभासदांनी पट्ट्याला ठाम विरोध केला. मला यांतील एकही आक्षेप पूर्ण पटलेला नाही, परंतु उत्तर देण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर : कोयनाकाठ (कराड)

मी निवृत्त डॉक्टर आहे आणि महामार्गालगतच्या रुग्णालयात अपघाताचे रुग्ण अनेक वर्षे पाहिले आहेत. तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण मनावर पकड घेणारा तोच आहे. शेकडो फूट खोल दरीत बस गेली तर पट्टा असो वा नसो, वाचण्याची आशा फार थोडी असते आणि पट्टा त्यासाठी बनवलेलाही नाही. आपल्याकडील नेहमीचे अपघात निराळे असतात : चालकाला डुलकी लागून बस दुभाजकावर चढते, रस्त्याकडेला एका कुशीवर उलटते किंवा गळीत हंगामात पाठीमागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळते. आपली सहल माघात आहे, म्हणजे ऊस ऐन तोडणीत असेल, हे ध्यानात घ्यावे.

बस कुशीवर उलटते तेव्हा खिडकीची काच आधी फुटते. त्या बाजूचा प्रवासी अर्धा बाहेर जातो आणि वरून गाडीचा भार येतो. वरच्या बाजूचे प्रवासी खालच्यांवर कोसळतात. बाहेर फेकला गेलेला एखादा वाचतो आणि त्याची गोष्ट गावभर होते. जे बाहेर फेकले गेल्यामुळेच दगावले, त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही.

बस जड असते, हा मुद्दा अर्धा खरा आहे. समोर मोटार आली तर बसचा वेग फारसा घटत नाही आणि आतल्यांना खरोखरच कमी लागते. परंतु समोर उभा ट्रक, झाड किंवा पुलाचा कठडा असेल, तर बस थांबते आणि आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जातो. ताशी ६० किलोमीटर हा वेग सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून पडण्याएवढा असतो, एवढे सभासदांना सांगितले तरी पुरे.

एक सूचना. केवळ कमरेचा पट्टा असेल तर तो पोटावर नव्हे, खाली कमरेच्या हाडावर, घट्ट बसवायला हवा. पोटावर सैल बांधलेल्या पट्ट्यामुळे आतड्यांना इजा झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा मिळाला तर तोच घ्यावा, कारण कमरेच्या पट्ट्याने माणूस जागेवर राहतो, पण डोके पुढच्या आसनावर आपटायचे ते आपटतेच.

उत्तर : जुना वाहक (सांगली)

एसटीत वाहक म्हणून नोकरी केली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सातारा–सांगली मार्गावर सणासुदीला मधल्या वाटेत माणसे उभी असतात. बसलेल्याने पट्टा बांधायचा आणि उभ्याने दांडी धरायची, यात कसली सुरक्षितता आहे? उद्या उभ्या प्रवाशांना बंदी केली, तर पेठ नाक्यावर रात्री हात दाखवणाऱ्या बाईला कोणत्या गाडीने पाठवणार?

कायद्यानेही ही अडचण मानलेली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ ब घातले गेले. पट्टा न लावलेले प्रवासी नेल्यास १,००० रुपये दंड त्यात आहे; मात्र उभे प्रवासी नेणारी वाहने राज्य शासन अधिसूचनेने त्यातून वगळू शकते, अशी तरतूदही तेथेच आहे. पुन्हा, प्रवाशांना तसेच घेऊन जाणे हाच गुन्हा असल्याने बोट चालकाकडे वळते. रात्री दोन वाजता खंबाटकीत गाडी चालवणाऱ्या माणसाने मागे ४५ जणांचे पट्टे तपासावेत कसे? ब्रिटनमध्ये २००६ पासून, पट्टे बसवलेल्या बसमध्ये १४ वर्षांवरील प्रवाशाची जबाबदारी त्याचीच आहे. बसमालकाने तशी सूचना द्यायची असते. ज्या शहरी गाड्यांत उभे राहण्याची मुभा आहे, त्या तेथेही वगळलेल्या आहेत. आपल्याकडे तसेच व्हावे, असे माझे मत आहे. आपल्या सहलीत उभे कोणी नसेल, म्हणून आपले कलम मला मान्य आहे; सरसकट सक्ती मान्य नाही.

उत्तर : मिरज जंक्शन

पट्टा बांधायचा की नाही, यावर एवढी चर्चा झाली, पण तो कशाला बांधलेला आहे हे कोणी विचारले नाही. माझे निम्मे आयुष्य बसबॉडी बांधण्यात गेले आहे. मोटारीत पट्टा बराचसा थेट सांगाड्याला जोडलेला असतो. बसमध्ये पट्टा आसनाला, आसन जमिनीला आणि जमीन खालच्या लोखंडी आडव्यांना, अशी साखळी असते. ६० किलोचा माणूस धक्क्यात गुरुत्वाकर्षणाच्या दहापट ओढीने पुढे गेला, तर पट्ट्यावर ६०० किलोचा ताण येतो. जोड आसनावर दोघांचा मिळून १,२००. मागचा प्रवासी पट्टा न लावता त्याच आसनाच्या पाठीवर येऊन आदळला तर आणखी भर पडते. म्हणूनच ‘ज्याला हवा त्याने लावावा’ ही तडजोड बसमध्ये चालत नाही.

आसनाचे बोल्ट खालच्या लोखंडातून आरपार गेले असतील तर ते हा ताण पेलतात. केवळ प्लायवुडला आवळलेले असतील, तर आसन माणसांसकट उपटून येईल. एका मालकाने जुन्या गाडीला पट्टे लावून मागितले होते. मी नकार दिला, तर शेजारच्या गॅरेजमध्ये चौकटीला पट्टी वेल्डिंग करून संध्याकाळपर्यंत काम उरकले. असा पट्टा नसलेला बरा. जुनी गाडी सुधारून घेण्यापेक्षा कारखान्यातूनच पट्ट्यांसह आलेली गाडी ठरवावी.

आगीबद्दलही लिहितो. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. तेथे बस दरवाजाच्या कुशीवर पडल्याने तो रस्ताच बंद झाला होता. चांगले बकल एका बोटाने सुटते. परंतु उलटताना डोके आपटून शुद्ध हरपलेला माणूस पट्टा नसतानाही उठणार नाही. बस ठरवताना संकटकालीन दार उघडते का आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे अवश्य पाहा.

आणि बहुतेक गाड्यांत पट्टे असतातच. मालक आसनाला नवे कव्हर शिवून घेतात आणि पट्टा त्याखाली गाडला जातो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : यवतेश्वर (सातारा)

शेवटच्या वाक्याने आमचा निम्मा वाद मिटवला. ज्या मालकांनी ‘आमच्या गाडीला पट्टे नाहीत’ असे दूरध्वनीवर सांगितले होते, त्यांना कव्हर उचलून पाहण्याची विनंती केली. अर्ध्या तासाने त्यांचा उलट दूरध्वनी आला : पट्टे आहेत, मात्र काही बकले जाम आहेत.

कलमात आता दोन बदल केले आहेत. कव्हरला चीर देऊन पट्टे वर काढण्याची जबाबदारी मालकाची राहील, आणि सभासदाने पट्टा लावला नाही तर चालकाला नव्हे, संघाला विचारावे. आंबेनळीचा दाखला देणाऱ्या सभासदांचे मन अजून वळलेले नाही. त्यांनी पुढच्या रांगेतील आसन मागितले आहे, आणि ते पट्टा लावणाऱ्यालाच मिळेल, असे मी त्यांना कळवले आहे. येत्या रविवारी आम्ही तिघे गाडी पाहायला जाणार आहोत. मिरजेच्या काकांनी आसनाखाली नेमके काय पाहावे, ते लिहावे. बॅटरी सोबत नेत आहोत.

उत्तर : मिरज जंक्शन

वाकून पायाच्या पट्टीचे बोल्ट पाहा आणि नंतर गाडीच्या खालूनही तेच बोल्ट दिसतात का, ते पाहा. खालून नट दिसला पाहिजे. गंजलेला असेल तर मालकाला बदलायला सांगा. मग आसनाची पाठ दोन्ही हातांनी जोरात हलवा. पाठ थोडी हलली तर हरकत नाही, पाय हलता कामा नये. शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा, पुढची आसने मालक स्वतःच दाखवतील.