इसुझू हाय-लँडर पिकअपला एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टायर: २४५/७० आर१६ की २६५/७० आर१६?

प्रश्न (दिंडोरी रोड): गाडी ४x२ (फक्त मागच्या चाकांना जोर). ऐंशी टक्के डांबरी रस्ता, बाकी मळ्यातली कच्ची वाट. मागे द्राक्षाचे क्रेट, साधारण ६०० किलो. पावसाळ्यात काळ्या मातीत मागची चाकं जागेवरच फिरतात. कोणता साईज घ्यावा?

उत्तर १: कंपनीचाच, २४५/७० (रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के; आर१६ म्हणजे १६ इंची रिम). २६५ चा व्यास सुमारे २८ मिमी जास्त, म्हणजे मीटरवर १०० असताना गाडी जवळपास १०४ ला. गिअरिंगही लांबतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये ओढ कमी पडते; भरल्या गाडीला कसारा घाटात ते जाणवतं. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या लायनिंगला घासतो का, ते बघावं लागेल. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो.

उत्तर २: साईज ठीक, पण काळ्या मातीचं खरं सांगतो: चिखल एटीच्या खाचांत बसला की टायर गुळगुळीत गोळा होतो. मातीसाठी एमटी (मड-टेरेन, खास चिखलाचा टायर) लागतो, आणि तो हायवेवर घोंघावतो, ओल्या डांबरावर पकडही कमी. तुमच्या वापराला एटीच. मळ्यात गाडी रिकामी असेल तर मागची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, सावकाश चालवा, रस्त्यावर येताच परत भरा. कंप्रेसर जवळ हवाच. क्रेट भरलेले असताना हवा अजिबात उतरवू नका, साईडवॉल (टायरची बाजू) तापून फाटते.

उत्तर ३: घेताना साईडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानदार जुना माल आधी काढतो!

प्रश्नकर्ता: २४५ च घेतो. अलाइनमेंट लगेच करायची ना?

उत्तर १: हो, त्याच दिवशी.