‘गोळीला कुठं माहीत असतंय’ म्हणणाऱ्या सरांना

काउंटरमागचा: काल इथं एका सरांनी टाकलंवतं की डी.फार्मच्या (फार्मसी डिप्लोमाच्या) पोरांना एलजीबीटीक्यू पेशंटचं शिकवायचं हे नवीन खूळ, चिठ्ठी बघा, औषध द्या, गोळीला कुठं माहीत असतंय खाणारा कोण. सर, गोळीला नसलं तरी देणाऱ्याला पाहिजे की. स्पायरोनोलॅक्टोन दिसली की आपण बीपी नायतर सूज धरतो. ट्रान्स बायका तीच गोळी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दाबायला घेतात, जोडीला एस्ट्राडायॉल हे बायकी हार्मोन, आणि वर कुणी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी लिहून दिली तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं चढू शकतंय. डॉक्टर दोन, दुकानं दोन, मग हे जुळवून बघणार कोण? 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घ्या असं लिहिलंय, फार्मसीचं नाव नाही, म्हणजे आपण सुटलो व्हय?

पेठेतला_मेडिकलवाला: पंचवीस वर्षं दुकान आहे माझं. सौंदत्तीला यल्लम्माला जाणारे जोगते माझ्याकडनंच औषध नेतात, त्यांच्या डोक्यावरच्या देवीच्या जगाला मी पाया पडतो. मला कुणी लेक्चर दिलं नव्हतं, माणुसकी काय सिलॅबसमध्ये असते काय.

साडीतली_मी: दादा, पाया पडता ते देवीच्या. मी गेलते एका दुकानात, तुमचं नव्हं. चिठ्ठीवर आधारचं नाव, अंगावर साडी. पोरानं स्ट्रिप वर धरून आतल्या मालकाला ओरडून विचारलं, “ह्ये बायकांचं औषध ह्या नावावर कसं वो?” सात-आठ माणसं उभी होती, एकानं मोबाइलमधनं मान वर केली. मी पिशवी तिथंच टाकून आले. नंतर दोन वर्षं चिठ्ठीबिगर, मैत्रीण घेती तेवढाच डोस घेतला. पोटॅशियम म्हणजे काय हे आज ह्या धाग्यावर कळतंय.

पेठेतला_मेडिकलवाला: वाईट वाटलं ताई. पण तो एका पोराचा आगाऊपणा, त्यापायी सगळ्या धंद्याला शाळेत बसवू नका.

सर्टिफिकेट_जळाऊ: ते पोरगं फार्मासिस्ट होतं का आधी हे विचारा! मी दोन वर्षं डी.फार्म केली, वर 500 तास ट्रेनिंग, आणि शेजारच्या गल्लीत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, गल्ल्यावर दहावी नापास भाचा. नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनंच औषध द्यायचं, हे फार्मसी कायद्याचं 42 वं कलम काय फ्रेम करून लावायला आहे? शिकवणार कुणाला, शिकलेला तर घरी बसून सर्टिफिकेटचं भाडं खातोय.

पेठेतला_मेडिकलवाला: पगार मागतात पंधरा-वीस हजार, दुकानात तेवढं उरतंय का ते बघा आधी. ऑनलाइनवाले वीस टक्के सोडतात.

सर्टिफिकेट_जळाऊ: म्हणजे भाड्यानं घेतलंय हे कबूल.

पेठेतला_मेडिकलवाला: तोंड सांभाळून भावा. माझी स्वतःची डिग्री आहे, ये आणि बघ.

काउंटरमागचा: अरे विषय काय, चाललाय कुठं. माझा रूममेट रविवारी रात्री पीईपी, म्हणजे एचआयव्हीचा धोका झाल्यावर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या, विचारायला गेला, काउंटरवाला डोळा मारून म्हणाला “कुठं गेलतास रं?” आणि “उद्या बघू”. पहिला डोस 72 तासांच्या आत लागतो, मग 28 दिवस. लाजून तो दोन दिवस खोलीतच बसला, मंगळवारी रात्री मी ओढून नेला तेव्हा जेमतेम वेळेत. काउंटरवाल्याला तासच माहीत नव्हते, का माणूस आवडला नाही, काय म्हणायचं ते म्हणा.

पेठेतला_मेडिकलवाला: बरं, 72 तासांचं मलाही पक्कं माहीत नव्हतं. झालं समाधान? स्पायरोनोलॅक्टोनचंही शिकवा, पण फार्माकॉलॉजीत, वेगळा झेंडा लावून नको.

साडीतली_मी: झेंडा नको दादा, आवाज बारीक करायला शिकवा. ते फार्माकॉलॉजीत येतंय का?

सर्टिफिकेट_जळाऊ: भाच्याला कोण शिकवणार ते राहिलंच.

नवीन_मेडिकल_राजारामपुरी: फार्मासिस्ट पाहिजे. रोज यायची गरज नाही, सर्टिफिकेट लावलं तरी चालेल. इनबॉक्स करा.

सर्टिफिकेट_जळाऊ: घ्या!!! ॲडमिन हे डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढू द्या.