जुनी रेडियल आर्म सॉ ७५ डॉलरला मिळतेय, घ्यावी का?

ओहायोकर:
नमस्कार मंडळी, कोलंबसजवळ या वीकेंडला एक इस्टेट सेल आहे, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढलंय, त्यात क्राफ्ट्समनची १० इंची रेडियल आर्म सॉ आहे (मागच्या खांबावर आडवी आर्म, तिच्यावर मोटर आणि पातं पुढेमागे सरकतं), लोखंडी स्टँडसकट ७५ डॉलर, रविवारी अजून खाली येईल असं वाटतं. फोटोत गंज फारसा नाही, टेबलाची फळी मात्र पार फुगलेली आहे. माझ्याकडे सध्या सर्क्युलर सॉ, ड्रिल आणि सँडर एवढंच. बेसमेंटमध्ये पुस्तकांची कपाटं करायची आहेत आणि जमलं तर गणपतीच्या आधी देवघर. गॅरेज एका गाडीचं, टेबल सॉ आणली तर गाडी बाहेर, ही भिंतीला लावून ठेवता येते म्हणून मोह होतोय. पण नेटवर निम्मे लोक म्हणतात हात तोडणारं मशीन, निम्मे म्हणतात याच्यासारखं दुसरं नाही. कोणी वापरली आहे का, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?

सागवानी:
माझ्याकडे बरीच वर्षं आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी मॉडेल नंबर बघ, ११३ ने सुरू होतो का. सीअर्ससाठी (क्राफ्ट्समन हा त्यांचाच ब्रँड होता) ही मशीन्स एमर्सन बनवायची आणि १९५८ ते १९९२ मध्ये विकलेल्या साधारण ३७ लाख सॉ २००० साली रिकॉल झाल्या, म्हणजे दोषामुळे दुरुस्तीला किंवा परत मागवल्या, कारण गार्ड (पात्यावरचं झाकण) पात्याचा फक्त वरचा भाग झाकायचा. काही मॉडेल्सना नवीन गार्ड आणि टेबलाचा किट फुकट होता, ज्यांना किट बसत नव्हता त्यांना मोटरचा भाग परत दिला की १०० डॉलर. आज त्यातलं काय चालू आहे ते नंबर टाकून सीपीएससीच्या (अमेरिकेची ग्राहक-वस्तू सुरक्षा संस्था) साइटवर बघून घे, पण विकणाऱ्याला एवढं नक्की विचार की नवीन गार्ड बसवलाय का, त्यावरून पुढची किंमत ठरव.

आता बघायचं काय. टेबल फुगलंय ते सोडून दे, ते बदलायचंच असतं, एमडीएफची फळी आणून बसवायची, करवत दरवेळी त्यात थोडी उतरतेच. खरी परीक्षा खांबाची. आर्म ९० अंशावर लॉक कर, मग आर्मचं पुढचं टोक दोन बोटांनी धरून डावी-उजवीकडे ढकल. जरा जरी खटखट झाली, हललं, तर खांबाच्या मागचे बोल्ट आवळून बघ, बहुतेक वेळा तिथेच सैल असतं. आवळूनही हललं तर मशीन सोड, कारण टोकाला हललेलं थोडंसं पात्यापाशी येईपर्यंत तिरका काप होऊनच येतं आणि मग कितीही गुण्या लावून जुळवलं तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. मग कॅरेज (मोटर-पातं धरणारा सरकता भाग) आर्मवर पूर्ण पुढेमागे फिरव, मध्येच अडकते का, एका जागी ढिली वाटते का. मोटर चालू करून बघू देत नसतील तर घेऊ नको, साफ सांगतो.

पटाशी:
मी वेगळं मत देते, राग मानू नका. कपाटं प्लायवूडची करणार ना? ४ बाय ८ ची शीट या मशीनवर कापायची तरी कशी? १० इंची रेडियलवर आडवा काप जेमतेम १५ इंचांपर्यंत जातो, शीट फोडायला तुमची सर्क्युलर सॉ आणि एक सरळ पट्टीच लागणार, आणि ती आहेच तुमच्याकडे. आणि कृपा करून या मशीनवर लाकूड उभं चिरायला जाऊ नका. मोटर फिरवून पातं फेन्सला (फळी टेकवायची मागची पट्टी) समांतर करता येतं हे खरं, सगळी मॅन्युअल्स तेच दाखवतात, पण त्या अवस्थेत पातं फळी टेबलावरून उचलायला बघतं, आणि चुकून उलट्या बाजूने फळी घातली की ती हातातून हिसकावली जाऊन समोरच्या भिंतीत जाते. नवख्या माणसाने यातून सुरुवात का करायची? आडव्या कापांसाठी साधी स्लायडिंग मायटर सॉ घ्या, जास्त पैसे जातील पण निदान रात्री झोप लागेल.

टेक्सासचा_सुतार:
पटाशीताई, चिरायच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण कपाटाच्या फळ्या बसवायला खाचा पाडायच्या तर रेडियलसारखं सुख नाही हो. पातं वरून उतरतं, पेन्सिलीची रेघ डोळ्यांसमोर, ८ इंची डाडो सेट (रुंद खाच पाडणारा पात्यांचा संच) लावला की खाच एका ओढीत. पुस्तकाचं कपाट ११-१२ इंच खोल, म्हणजे १५ मध्ये आरामात बसतं. टेबल सॉवर तीच खाच खालच्या बाजूला पडते, काय होतंय ते दिसतच नाही.

पण ओहायोकरभाऊ, घेतली तर त्या दिवशीच पातं बदला. त्यावर टेबल सॉचं पातं असणार, बहुतेक लोक तेच लावतात आणि मग मशीनला शिव्या देतात. टेबल सॉचे दात पुढे झुकलेले असतात, रेडियलवर ते लाकूड पकडून करवतच अंगावर ओढून आणतात, तेव्हा मोटरचा आवाज बसतो आणि पातं रुतून थांबतं. निगेटिव्ह हुकचं, म्हणजे दात पुढे न झुकलेलं पातं घ्या, शून्य ते उणे ५ अंश, ६० दाती. उजवा हात ताठ ठेवायचा, ओढायचं कमी आणि रोखून धरायचं जास्त. डावा हात कापाच्या रेघेपासून सहा इंच तरी लांब, आणि हातावर हात आडवा कधीच न्यायचा नाही. काप झाला की आधी मोटर मागे फेन्सच्या पलीकडे, मग फळीला हात.

ओहायोकर:
सगळ्यांना धन्यवाद, आज सकाळी जाऊन आलो. नंबर ११३ नेच सुरू, गार्ड जुनाच. मोटर चालू करू दिली, आवाज एकदम छान, इंडक्शन मोटर इतकी शांत असते हे माहीतच नव्हतं. पण आर्मचं टोक ढकललं तर चांगलं हललं. पाना नेला होता, मागचे चारही बोल्ट आवळले, तरी लॉकच्या खिट्टीत खेळ राहिलाच, ९० वर लावून दोनदा गुण्या लावला तर दोन्ही वेळा वेगळं. ४० ला देतो म्हणाले. परत आलो. वाईट वाटतंय खरं.

सागवानी:
बरं केलंस. खिट्टी आणि तिची खाच झिजली असेल तर तो कोन पुन्हा जागेवर आणणं घरी होण्यासारखं काम नाही. तू आहेस त्या भागात जुनी डिवॉल्ट शोध, १९५० च्या दशकातली, ओतीव लोखंडाची आर्म असलेली. ती कंपनी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला होती, रेमंड डिवॉल्टने हे मशीन काढलं ते शेजारच्या न्यू जर्सीत, १९२० च्या दशकात. त्यामुळे ओहायो-पेनसिल्व्हेनियाकडच्या जुन्या बेसमेंटमध्ये त्या निघतात. एमबीएफ म्हणून छोटं मॉडेल आहे, ९ इंची, तुझ्या गॅरेजला बरोबर बसेल. परीक्षा तीच, टोक ढकलून बघायचं.

पटाशी:
आणि तोपर्यंत देवघराला थांबू नका! सर्क्युलर सॉला नवीन बारीक दाती पातं आणि गुण्याला क्लॅम्प लावून आडवा काप एकदम स्वच्छ येतो, देवघराएवढ्या कामाला पुरतं. लाकूड कुठलं घेताय?

ओहायोकर:
चेरी बघतोय, इथे लाकडाच्या यार्डात चांगली मिळते. सागवान विचारलं तर भाव ऐकूनच फोन ठेवला. कळस सोडला तर बाकी सगळं सरळ कापांचंच आहे, उद्या माप टाकतो.